अयनापासून संक्रांतीपर्यंत: गावात राहून संकल्प धरायचा कसा

२१-२२ डिसेंबरला वर्षातला सगळ्यांत लहान दिवस, म्हणजे अयनाचा दिवस, येतो आणि १४-१५ जानेवारीला संक्रांत. मधले दिवस जेमतेम चोवीस. आपल्या विदर्भातल्या कास्तकाराला विचारलं तर तो म्हणेल, या दिवसांत कुठली आली उसंत? कपाशीची दुसरी-तिसरी वेचणी चालू असते, तूर शेंगांनी लदलेली असते, हरभऱ्याला घाटे धरत असतात, आणि गव्हाच्या ओलितासाठी रात्रीच्या लाईनची (विजेची) वाट बघत वावरात बसावं लागतं. भंडारा-गोंदियाकडे धानाची मळणी आणि विक्री उरकायची असते. हे सगळं खरं आहे. पण याच दिवसांत रात्र तेरा तासांहून मोठी असते. बहुतेक वर्षी मार्गशीर्ष सरून पौष लागतो, म्हणजे लग्नकार्यांची धावपळ नसते. कापसाचा पहिला पैसा येऊन गेलेला असतो, त्यामुळे वर्ष कसं गेलं हेही बऱ्यापैकी कळलेलं असतं. स्वतःजवळ बसून विचार करायला वर्षभरात याहून सोयीची वेळ मला तरी माहीत नाही.

संकल्प बरेच जण करतात आणि तो बहुतेकांचा महिन्याभरात सुटतो. माझ्या मते त्याचं मोठं कारण असं की आपण जुनं काहीच संपवत नाही आणि त्याच्यावरच नवं रचायला जातो. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये संकल्प बराच उशिरा येतो. आधी बघणं, मग हिशेब, मग काहीतरी थांबवणं. हा क्रम मोडू नका, एवढीच विनंती.

आधी सूर्य स्वतःच्या डोळ्यांनी बघा

तारीख कॅलेंडरवरही असते आणि मोबाईलवरही. तरी पहिली पायरी म्हणून मी अंगणात काठी रोवायला सांगते, कारण जे आपण हाताने मोजतो ते लक्षात राहतं.

सरपणातली तुऱ्हाटीची एक सरळ काडी घ्या, नाहीतर बांबूची कामटी. जमिनीच्या वर बरोबर तीन फूट राहील अशी रोवा. सारवलेलं सपाट अंगण उत्तम, नसेल तर शाळेचं पटांगण चालेल. काडी सरळ उभी आहे ना, ते ओळंब्याने बघा; ओळंबा नसेल तर सुतळीला दगड बांधला की काम भागतं. हे साडेअकराच्या आत उरकून ठेवा. मग पावणेबारापासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी कोळशाने किंवा खडूने खूण करा. खुणा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत जातील. काडीच्या बुडाला सगळ्यांत जवळ असलेली खूण म्हणजे तुमच्या गावची खरी मध्यान्ह, आणि बुडापासून त्या खुणेकडे काढलेली रेघ म्हणजे खरी उत्तर दिशा. घड्याळात तेव्हा बारा वाजून गेलेले असतील. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे आणि विदर्भ त्याच्या पश्चिमेला आहे, म्हणून ही मध्यान्ह गोंदियाला बारा वाजून सात-आठ मिनिटांनी, नागपूरला बारा मिनिटांनी, अमरावतीला सतराच्या पुढे आणि बुलढाण्याला तेवीस-चोवीस मिनिटांनी होते.

आता टेप घेऊन सावली मोजा. नागपूरकडे तीन फुटांच्या काडीची सावली साडेपस्तीस इंच भरते, चंद्रपूरकडे चौतीस. म्हणजे जवळजवळ काडीएवढीच. नागपूर विषुववृत्ताच्या उत्तरेला सव्वाएकवीस अंशांच्या आसपास, आणि त्या दिवशी सूर्य साडेतेवीस अंश दक्षिणेला. दोन्हींची बेरीज पंचेचाळिसाला थोडी कमी पडते. बरोबर पंचेचाळीस झाली की सावली तंतोतंत काठीएवढी होते, आणि तसं मेळघाटात धारणीच्या आसपास घडतं. शाळेतल्या मुलांना हे एकदा करून दाखवा. भूगोलाच्या पुस्तकातलं मकरवृत्त त्यांच्या पायाशी येतं.

मध्यान्हीच्या खुणेवर एक खुंटी ठोकून ठेवा, ती संक्रांतीला लागणार आहे. त्या दिवशी ढग असले किंवा मजुरीला जावं लागलं तर जीव खाऊ नका. १८ ते २५ डिसेंबर या आठवड्यात सूर्य इतका थोडा सरकतो की सावलीत दोऱ्याएवढाच फरक पडतो, तेव्हा जवळचा रविवार घेतला तरी चालेल.

सकाळी आणखी एक गोष्ट करा. रोज जिथून सूर्य उगवताना दिसतो तिथली खूण धरा. कोणाचा कडूनिंब, देवळाचा कळस, पाण्याची टाकी, जे असेल ते. या दिवसांत सूर्य पूर्वेच्या पंचवीस अंश दक्षिणेला उगवतो. जूनमध्ये तो तितकाच उत्तरेला असतो. त्यामुळे धुऱ्यावर (बांधावर) उभं राहून पाहिलं तर वर्षभरात सूर्य क्षितिजावरून केवढी येरझार घालतो हे कळतं, आणि तो आता शेवटच्या खुणेला पोचून परत फिरणार हेही.

एक गोष्ट बऱ्याच जणांना चकवते. लहान दिवस २२ डिसेंबरचा, तरी संध्याकाळ नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यानंतरच हळूहळू लांबायला लागलेली असते. सकाळ मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिरा-उशिराच उजाडत जाते. म्हणजे दिवस दोन्ही टोकांनी वाढायला लागतो तो संक्रांतीच्या सुमाराला. मला हे कळलं तेव्हा संक्रांतीबद्दलचा माझा आदर वाढला.

आता हा वाद दरवर्षी पारावर होतोच, की खरं उत्तरायण कोणतं. सूर्य प्रत्यक्षात डिसेंबरमध्येच उत्तरेकडे वळतो. संक्रांत मोजली जाते ती सूर्याच्या मकर राशीतल्या प्रवेशावरून. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत. पृथ्वीचा आस हळूहळू डोलतो, त्यामुळे साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस या हिशेबाने संक्रांत पुढे सरकत गेली आणि आता अंतर चोवीस दिवसांवर आलं. २२ मार्च १९५७ पासून लागू झालेल्या आपल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत २२ डिसेंबरला १ पौष येतो, तिथे अयनाचा दिवस महिन्याचा पहिला दिवस धरला आहे. माझं म्हणणं, वादात पडू नका. दोन्ही दिवस घ्या. एक धरायला, एक तपासायला.

हिशेबाची रात्र

सर्वांत लांब रात्री, किंवा तिच्या आसपासच्या एखाद्या रात्री, लवकर जेवा. जेवण साधं: ज्वारीची भाकर, निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, तुरीच्या सोल्यांची आमटी. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. मुलांची अर्धी कोरी राहिलेली वही घ्या आणि तीन पानं काढा.

पहिलं पान पैशाचं. कापूस किती क्विंटल निघाला, कोणत्या भावाने गेला, बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचाई यांत किती घातलं. खाली कर्ज: सोसायटीचं, बचत गटाचं, कृषी केंद्राची उधारी, हातउसनं. आकडा नकोसा असला तरी लिहा. घरात ज्या आकड्याविषयी कोणी बोलत नाही, तोच माणसाला आतून पोखरतो. हे पान नवरा-बायकोने मिळून लिहावं. पुष्कळ घरांत बायकोला उधारीचा खरा आकडा माहीतच नसतो, आणि वेचाईचा, दुधाचा, शिवणकामाचा तिचा पैसा कुठे गेला हे नवऱ्याला माहीत नसतं.

दुसरं पान वेळेचं. वर्षातले मोठे-मोठे दिवस कुठे गेले? तहसीलच्या चकरा, दवाखाना, लाईनची वाट, पानठेल्यावरच्या गप्पा, रीलवर सरकणारा अंगठा. हे पान थोडक्यात आटपलं तरी चालेल.

तिसऱ्या पानाला मात्र वेळ द्या. ते माणसांचं. कोण मदतीला आलं, कोणाच्या मयतीला जाता आलं नाही, कोणाशी बोलणं तुटलं आणि कशावरून. आमच्या शेजारच्या एका मावशीला लिहिता येत नाही, तर तिने नातीला पुढ्यात बसवलं. पैशाचं पान तिने भराभरा सांगितलं, आकडे तोंडपाठ होते. वेळेच्या पानावर म्हणाली, सगळा दिवस तर दुसऱ्याच्या वावरात गेला, काय लिवतं. माणसांच्या पानावर आली तशी थांबली. लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत राहिली आणि मग म्हणाली, "लिव माय, बहिणीकडं गेली नाई म्या. दोनदा बलावलं होतं तिनं." नातीने ते जसंच्या तसं लिहिलं. मावशीच्या वर्षाचा खरा हिशेब त्या एका ओळीत होता, आणि पुढे तिने काय धरलं हे वेगळं सांगायला नको.

तिन्ही पानं झाल्यावर काहीही ठरवू नका. वही मिटा आणि झोपा. रात्री मन हळवं असतं, त्या भरात मोठमोठे निर्धार होतात आणि सकाळी ते जड वाटायला लागतात. झोप येत नसेल तर अंगणात या. डिसेंबरच्या शेवटी मध्यरात्री मृगाचे तीन तारे दक्षिणेला उंच चढलेले असतात. पहाटे उठणाऱ्याला उत्तरेकडे सप्तर्षी दिसतील. गोंड गावांमध्ये सप्तर्षीतल्या चार ताऱ्यांना म्हातारीची बाज म्हणतात आणि मागचे तीन म्हणजे ती बाज पळवायला आलेले चोर. लेकरांना ही गोष्ट सांगा, त्यांना फार आवडते.

घरात म्हातारं माणूस असेल तर आणखी एक संध्याकाळ त्याच्याजवळ बसा. उत्तरायणाची वाट बघत शरपंजरी पडलेल्या भीष्मांची गोष्ट कीर्तनातून सगळ्यांनी ऐकली आहे. त्या काळात त्यांनी युधिष्ठिराला आपल्याजवळचं सगळं ज्ञान सांगितलं, हा भाग मात्र मागे पडतो. आजोबांना विचारा की गावातला नाला बारमाही कधीपर्यंत वाहायचा, कोणत्या वावरात कोणती जेवारी यायची, दुष्काळात घर कसं निघालं. आजीला विचारा तिचं लग्न होऊन या घरात पहिला दिवस कसा गेला. नुसतं ऐका, मधे दुरुस्त्या करू नका.

काय थांबवायचं ते आधी ठरवा

फरदडीचं, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून घेतलेल्या पिकाचं, उदाहरण कापूस पट्ट्यात सगळ्यांना कळतं. डिसेंबरपर्यंतच्या वेचण्या झाल्या तरी पऱ्हाटी उभीच असते, हिरवी दिसते, वर चार बोंडं लटकत असतात. विहिरीला पाणी असलं की मोह होतो: दोन पाणी देऊ, थोडं खत टाकू, फेब्रुवारी-मार्चपर्यंत आणखी चार वेचे निघतील. याचा परिणाम पुढच्या हंगामावर होतो. गुलाबी बोंडअळीला कपाशी हेच मुख्य खाद्य लागतं. पीक उभं राहिलं की तिच्या पिढ्यांमागून पिढ्या त्यावर पोसल्या जातात आणि पुढच्या जुलै-ऑगस्टच्या नव्या कपाशीवर हजर होतात. म्हणून अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था वर्षानुवर्षं सांगत आली आहेत: फरदड घेऊ नका, वेळेत पीक संपवा, पऱ्हाटी उपटून वावर मोकळं करा. जो एकटाच उपटतो त्याला पुरता फायदा होत नाही, शेजाऱ्याचं वावर उभं असेल तर अळी तिथून येते. हे काम गावाने मिळून करायचं आहे.

माणसाच्या आयुष्यातही अशी फरदड उभी असते. कधीच संपलेला आणि तरी ओढत आणलेला व्यवहार. भावाशी धुऱ्यावरून चालू असलेली अबोल्याची तिसरी दिवाळी. दर महिन्याला पैसे भरून परत काही न आलेली भिशी. ज्याच्यात मन नाही असा संस्थेतला मानाचा हुद्दा. थोडं-थोडं निघतं आहे असं वाटत राहतं, आणि त्याला पाणी पाजण्यात नव्याची जागा जाते.

तर हिशेबाच्या वहीवरून अशी एक गोष्ट शोधा. एकच. ती कधी आणि कशी संपवायची ते तारखेसकट लिहा. "धुऱ्याचा वाद मिटवीन" असं लिहून तो मिटत नाही. "रविवारी सकाळी दादाकडे जाईन, चहा घेईन, मोजणीचा अर्ज दोघांनी मिळून करू म्हणून सांगेन" असं लिहिलं तर पाय उचलतो. दादा नाही म्हणाला तर? तरी तुमच्या बाजूने ते ओझं खाली ठेवलं गेलं.

विदर्भात राहून तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा विषय टाळता येत नाही. पुष्कळांच्या यादीत तोच असतो. सोडायचा असेल तर दिवस ठरवा, खिशातला आणि गाडीच्या डिक्कीतला साठा फेकून द्या, पानठेल्यावर जाऊन सांगा की मला उधार द्यायचा नाही. पहिले काही दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, झोप बिघडेल. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा म्हणजे ते तुमच्या रागावर राग करणार नाहीत. तोंडाला चाळा म्हणून बडीशेप, लवंग, भाजलेले हरभरे जवळ ठेवा. जमलंच नाही तर सरकारी दवाखान्यात दाताच्या डॉक्टरांना भेटा. तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, आत पांढरा चट्टा असेल, तर आधी त्यांच्याकडेच जा.

आता संकल्प

या आठवड्यात आपल्या मातीतल्या तीन माणसांचे दिवस येतात. २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी. १९५६ साली अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांचा देह पडला. २६ डिसेंबरला बाबा आमटे यांची जयंती. जन्म १९१४ चा, हिंगणघाटचा. २७ डिसेंबरला पंजाबराव देशमुखांची. जन्म १८९८, अमरावती जिल्ह्यातल्या पापळचा. एक खराटा घेऊन गावात शिरणारा आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारणारा. एक वकिली सोडून वरोऱ्याजवळच्या माळरानावर कुष्ठरोग्यांसोबत विहीर खोदायला बसलेला. एक विलायतेत शिकून परत येऊन खेड्यातल्या पोरांसाठी शाळा-वसतिगृहं काढणारा, आणि पुढे १९५२ ते १९६२ देशाचा कृषिमंत्री झालेला.

या तिघांच्या आयुष्याला अर्थ कशामुळे आला, याचं उत्तर मला त्यांच्या रोजच्या कामात दिसतं. खराटा, कुदळ, शाळा. तुमच्या संकल्पाकडेही तसंच बघा. त्यात हाताला काय काम आहे? कोणत्या वेळी? कोणासाठी किंवा कोणासोबत? या तिन्हींची उत्तरं एका वाक्यात बसली पाहिजेत.

"यंदा शेतीकडे नीट लक्ष देईन" हे वाक्य बसत नाही. "दर रविवारी रात्री आठवड्याचा खर्च बायकोसोबत वहीत लिहीन" हे बसतं. "आईशी चांगलं वागेन" पेक्षा "सांजेला दिवा लागला की दहा मिनिटं आईजवळ बसेन" हे करता येतं आणि झालं की नाही तेही कळतं. तरुण मुलांना मी सांगते, भरतीसाठी पहाटे धावता ते चांगलंच आहे, पण त्याला एक दुसऱ्यासाठीचं काम जोडा. आठवड्यातून एकदा वाचनालयात चौथी-पाचवीच्या मुलांना बसून वाचायला शिकवा. भरती झाली नाही तरी ते वर्ष फुकट गेलं असं वाटणार नाही.

शेवटची कसोटी अशी: ताप आलेल्या दिवशी किंवा रात्रीची लाईन असलेल्या आठवड्यात हे थोडंसं तरी करता येईल का? येत नसेल तर अर्ध्यावर आणा.

संकल्प एका माणसाला सांगा. फक्त एका. स्टेटसवर टाकू नका. चार जणांनी शाबासकी दिली की काम झाल्यासारखं वाटतं आणि तिथेच ते थांबतं. ज्याला सांगाल तो तुम्हाला संक्रांतीला विचारणारा असावा आणि विचारताना टोमणा न मारणारा असावा. गावात असा माणूस शोधायला वेळ लागतो, पण असतो.

गावासाठी काही करायचं असेल तर २० डिसेंबरचा दिवस सोडू नका. फोटो, हार, भाषण हे होऊ द्या, पण त्याआधी तासभर झाडा. बसस्टँड, अंगणवाडीच्या मागची बाजू, बोअरवेलचा ओटा, जिथे कोणी झाडत नाही तिथे. झाडून झालं की कचरा कुठे टाकायचा हेही आधी ठरवा, नाहीतर तो नाल्यात जातो आणि पावसाळ्यात परत येतो.

पहाटेची अर्धी घटका

धनुर्मासात, म्हणजे संक्रांतीआधीच्या महिन्यात, पहाटे उठून सूर्योदयाच्या आत खिचडी-भाकरीचं गरम जेवण करायची जुनी रीत आहे. थंडीत भूक चांगली लागते आणि अन्नही पचतं, म्हणून ती अजून टिकली आहे. ज्यांना जमेल त्यांनी सूर्योदयाआधीची दहा-बारा मिनिटं स्वतःसाठी ठेवावीत. आंघोळ, मग पूर्वेकडे तोंड करून शांत बसणं. देवाचं नाव घ्यावं, नुसता श्वास बघावा, किंवा तुकडोजी महाराजांनी गावोगावी रुजवलेल्या सामुदायिक ध्यानाला जाऊन बसावं. जिथे गुरुदेव सेवा मंडळाची शाखा आहे तिथे ते चालतं. बसून झाल्यावर आपलं संकल्पाचं वाक्य एकदा मनात म्हणावं. याहून जास्त काही करायची गरज नाही.

वेचणीला जाणाऱ्या बायांना मात्र मी पहाटेचं सांगत नाही. त्या आधीच चारला उठलेल्या असतात. पाणी, स्वयंपाक, डबे, लेकरांची शाळा, आणि मग ऑटोत दाटीवाटीने दुसऱ्याच्या वावरात. त्यांच्या दिवसात आणखी एक गोष्ट घालणं अन्याय आहे. त्यांच्यासाठी घरातल्या बाकीच्यांनी एक काम कायमचं उचलावं. पाणी भरणं म्हणा, सकाळची भांडी म्हणा. त्यातून वाचलेला वेळ तिचा. तिने त्यात झोप काढली तरी तो तिचा. घरातल्या पुरुषांना संकल्प सुचत नसेल तर हा घ्यावा, आणि मदत करतो असं न म्हणता करावा.

मन जड झालेलं असेल तर

या दिवसांत सगळ्यांनाच उभारी वाटते असं नाही. भाव पडलेला असतो, कर्जाची नोटीस आलेली असते, ज्या घरातला माणूस गेला त्या घरात सणांची रांग सुरू होणार म्हणून धास्ती असते. लांब रात्री विचार फिरून फिरून त्याच जागी येतात. अशा वेळी संकल्प वगैरे बाजूला ठेवा. रोज उन्हात थोडं चाला, वेळेवर जेवा, दारूपासून लांब राहा आणि एका माणसाशी रोज बोला. एवढं पुरे.

शेजाऱ्यांनी यात जास्त करायचं असतं. जो माणूस रोज पारावर यायचा तो यायचा थांबला, ढोरं विकायला काढली, उधाऱ्या एकाएकी चुकत्या करू लागला, "आता माह्यं काय रायलं" असं म्हणू लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. घरी जा. उपदेश करू नका, दुसऱ्याचं उदाहरण देऊ नका. जवळ बसा आणि सरळ विचारा, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का. असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलतो. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं घरातून हलवा, आणि सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन लावा. तो चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते. पहिल्या खेपेला सोबत जा.

संक्रांत: तपासणी आणि वाण

भोगीच्या दिवशी मिश्र भाजी आणि तीळ लावलेली भाकर होते, तेव्हा घरातले सगळे ताटावर असतात. वही काढायला हा दिवस बरा. संक्रांतीच्या दुपारी पुन्हा त्याच जागी तीच काडी रोवा. या वेळी मध्यान्ह दहा-अकरा मिनिटं उशिरा होईल, तेव्हा खुणा बारा ते एक करा. खुंटीपासून सावली सुमारे अडीच इंच आत आलेली दिसेल. तेवढ्या दिवसांत आपण काय सरकलो हे ज्याला सांगितलं होतं त्याच्याशी बोला. तीन-चार दिवस चुकले असतील तर ते धरू नका. चुकल्यावर परत सुरू केलं का, एवढंच बघा.

मग वाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं आणि बहुतेक घरांतून प्लॅस्टिकच्या वाट्या-डबे येतात, जे कोणालाच नको असतात. त्याऐवजी घरचं बियाणं वाटा: वालाचं, दोडक्याचं, भोपळ्याचं, गावरान टमाट्याचं. कागदाच्या पुडीत घाला, वर नाव आणि कधी लावायचं ते लिहा. पुढच्या पावसाळ्यात प्रत्येकीच्या परसात ते उगवेल.

आणि वाण देताना कोणाला बोलावता तेही बघा. नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवाला न बोलावणं हे मला कधीच पटलं नाही. कर्जापायी ज्यांची घरं उघडी पडली अशा किती जणी आपल्या आसपास शेती, लेकरं आणि सासू-सासरे सांभाळत आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. तुमच्या ग्रामसभेत हा विषय मांडा. ठराव होईपर्यंत थांबायचीही गरज नाही, आमंत्रण द्यायला तुमच्या घरचा उंबरा पुरतो. पहिल्या वर्षी ती येणार नाही कदाचित. दोघी-तिघींनी मिळून तिच्याच घरी जा, तिळगूळ द्या, बियाण्याची पुडी द्या, आणि तिच्या हातचा चहा घ्या.

रथसप्तमीनंतर हरभरा सोंगणीला येतो, पाठोपाठ गहू, आणि निवांत विचाराचे दिवस संपतात. त्यामुळे तोवर संकल्प हातात बसला नसेल तर तो निम्मा करा: रोजचा असेल तर आठवड्याचा, अर्ध्या तासाचा असेल तर पंधरा मिनिटांचा. निम्मा करूनही होळीपर्यंत टिकला नाही, तर बहुधा तो तुमचा नव्हता, दुसऱ्या कोणी तुमच्याकडून अपेक्षिलेला होता. तो वहीतून काढून टाका. दुसरा धरायला पुढच्या डिसेंबरपर्यंत थांबू नका. गुढीपाडव्याला सालगड्यांचे करार होतात, शेतीचं नवं साल सुरू होतं, तो दिवस घ्या.